बी एकटं ठेवायचं नसतं : सुलावेसीतल्या अम्पारितेचे पाच दिवस

बेस्से आमच्या पुण्याच्या घरी वरच्या मजल्यावर दोन वर्षं राहिली. शिकायला आलेली, इंडोनेशियातल्या दक्षिण सुलावेसीमधल्या बुगिस शेतकऱ्याची मुलगी. बेस्से हे तिचं कागदोपत्री नाव नव्हे. बुगिस घरांत मुलीला लाडाने अशी हाक मारतात, आमच्या कोकणात 'बाय' म्हणतात तशी. एकदा माझ्या हातून सुपातले तांदूळ सांडले. मी केरसुणी उचलली, तर तिने माझं मनगट धरलं. "काकू, झाडू नका हं." मग फरशीवर बसून तिने एकेक दाणा वेचला. कुडाळकडच्या आमच्या घरी माझी आजी हेच करायची. आजीला जाऊन तीस वर्षं झाली, आणि तिची ती सवय मला समुद्रापलीकडून आलेल्या एका मुसलमान मुलीच्या बोटांत दिसली. हिचं गाव बघायचं, हे त्याच दिवशी ठरलं.

यंदा एप्रिलअखेरीस तो योग आला. बेस्से शिक्षण संपवून आधीच घरी गेली होती. "पेरणीच्या आधी या," एवढंच तिने सांगितलं होतं.

बुधवार : दोन पांगकाजेने

विमानप्रवासात सांगण्यासारखं काही घडलं नाही. क्वालालंपूरमार्गे मकास्सरला पोचले, व्हिसा उतरल्यावर मिळाला, घड्याळ अडीच तास पुढे केलं. मकास्सरचा विमानतळ शहराबाहेर मारोसमध्ये आहे आणि उत्तरेचा रस्ता तिथूनच निघतो. त्यामुळे बुगिस मुलखात जायचं असेल तर शहरात शिरायची गरज पडत नाही.

घोळ झाला तो पुढे. अम्पारिता हे सिदेनरेंग राप्पांग जिल्ह्यातलं गाव. जिल्ह्याचं नाव लांबलचक म्हणून सगळे 'सिद्राप' म्हणतात, आणि त्याचं मुख्य ठिकाण पांगकाजेने. सामायिक गाडीवाल्याला मी "पांगकाजेने" एवढंच सांगितलं आणि निर्धास्त बसले. मारोसचे चुनखडीचे कडे भातशेतातून थेट वर उठलेले. (याच डोंगरांतल्या लेआंग काराम्पुआंग गुहेतलं चित्र किमान ५१,२०० वर्षांपूर्वीचं असल्याचं २०२४ साली जाहीर झालं.) मी त्यांच्याकडे बघण्यात गुंग होते, तोवर तासाभरात गाडी थांबली आणि माझी बॅग खाली आली. "पांगकाजेने, इबु (बाई)!"

पांगकाजेने नावाची गावं दोन आहेत. एक हे, किनाऱ्यालगतच्या पांगकेप जिल्ह्यातलं, आणि दुसरं शंभराहून जास्त किलोमीटर पुढे. कुणी जाणार असाल तर "पांगकाजेने सिद्राप" असं पूर्ण सांगा, आणि बसण्याआधी दोनदा विचारून घ्या.

पुढची गाडी मिळेपर्यंत दोन तास एका खानावळीत काढले. खानावळीच्या मालकिणीला माझी भाषा येत नव्हती आणि मला तिची. तिने बेस्सेशी फोनवर बोलून सगळं समजून घेतलं आणि माझी बॅग स्वतःच्या गल्ल्यामागे ठेवली. मग 'बोलू' नावाचा, निमखाऱ्या तळ्यांत वाढवलेला मासा निखाऱ्यावर भाजून पुढे ठेवला. काटे भरपूर, पण मासा गोड, सोबत टोमॅटो-मिरचीचा ठेचा आणि आंबट कैरी. कोकणातल्या माणसाला आणखी काय हवं! पैसे घ्यायला ती तयार नव्हती. शेवटी घेतले, तेही निम्मेच.

दुसरी गाडी मिळाली ती थेट अम्पारितेपर्यंत जाणारी. वाटेत सेगेरीला रस्त्याच्या कडेला ओळीने 'दांगे'ची दुकानं. काळ्या चिकट तांदळाचं पीठ, ओलं खोबरं आणि ताडगूळ मातीच्या साच्यात भाजून करतात. ड्रायव्हरने न विचारता थांबवलं, इथे थांबायचंच असतं. गरम खा. गार झालं की दगड होतो.

याच सेगेरीत 'बिस्सू' आहेत, बुगिस लोकांचे जुने पुरोहित. त्यांना ना नुसते पुरुष मानतात ना नुसत्या स्त्रिया. दरवर्षी साधारण नोव्हेंबरात ते जतन केलेला पवित्र नांगर बाहेर काढतात आणि तिथला हंगाम सुरू होतो. मी जात होते त्या गावाची पेरणी मात्र एप्रिल-मेमध्ये. हे कसं, याचा उलगडा पारेपारे या बंदरानंतर झाला. बंदर मागे टाकून गाडी उजवीकडे डोंगरात वळली. तोवर आकाश स्वच्छ होतं, आणि घाट उतरलो तर मुसळधार. किनाऱ्याला पाऊस ऑक्टोबर ते मार्च, आणि डोंगरापलीकडे पूर्वेला त्याचा जोर एप्रिलपासून. एकाच दिवसात मी उन्हाळ्यातून निघून पावसाळ्यात पोचले. म्हणून एप्रिल ते जुलैमध्ये गेलात तर छत्री बॅगेच्या तळाशी ठेवू नका.

अंधारात डोंगरावर लाल दिव्यांची रांग लुकलुकत होती. सिद्रापच्या पवनचक्क्या. २०१८ साली सुरू झालेला हा देशातला पहिला मोठा पवनऊर्जा प्रकल्प, ३० चक्क्या, ७५ मेगावॅट.

नऊच्या सुमारास घर आलं. लाकडी खांबांवर उभं, जमिनीपासून माणसापेक्षा उंच. जिन्याच्या पायथ्याशी पाण्याचा माठ आणि डोणा. पाय धुतले, वर गेले. बेस्सेची आई दारात उभी होती. तिला सगळे 'इंदो' म्हणतात, म्हणजे आई, आणि वडिलांना 'अम्बो'. मीही तेच म्हणू लागले. मला ते 'इबु' म्हणत. जमिनीवर बसलेल्या बेस्सेच्या आजोबांच्या पुढून जायचं होतं. बेस्सेने हळूच शिकवलं : उजवा हात खाली सोडायचा, कमरेत वाकायचं आणि "ताबे" म्हणत पुढे जायचं. पुढचे चार दिवस हाच शब्द मी सर्वांत जास्त वापरला. तुम्ही एकच शब्द शिकणार असाल तर हा शिका.

गुरुवार : पाणी, बदकं आणि एक जुना न्याय

पहाटेच्या अजानीने जाग आली. त्याच्या पाठोपाठ कोंबडे, त्याच्या पाठोपाठ पॉवर टिलर. बाहेर येऊन बघते तो गावाच्या तिन्ही बाजूंना पाणी भरलेली खाचरं, त्यात ढग, आणि मध्ये बांधांच्या काळ्या रेघा. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले. आमच्या वाडीच्या खालचा मळा मी लहानपणी असा बघितला होता.

सिद्राप हा दक्षिण सुलावेसीचा भाताचा कोठार. उत्तरेकडच्या मोठ्या भागाला सादांग नदीवरच्या, डचांच्या काळात बांधलेल्या बेन्तेंग बंधाऱ्याचं पाणी मिळतं. अम्बोंची जमीन पाऊस आणि पंपावर चालते. तरी वर्षाला दोन पिकं, एक एप्रिल ते सप्टेंबर, दुसरं ऑक्टोबर ते मार्च. रोपं काढून लावणी करणं आता इथे बऱ्याच जणांनी सोडलंय. चिखल सारखा करून मोड आलेलं बी थेट फेकतात. आमच्याकडे याला 'रहू' म्हणतात, हे सांगितल्यावर अम्बोंनी तो शब्द तीनदा म्हणून बघितला.

मी विचारलं, पेरायचं कधी हे कोण ठरवतं? अम्बो म्हणाले, "सगळे." आणि मग 'तुदांग सिपुलुंग'बद्दल सांगितलं. तुदांग म्हणजे बसणं, सिपुलुंग म्हणजे एकत्र. हंगामाआधी शेतकरी, शेतीखात्याची माणसं, पाण्याचं बघणारे, हवामानखात्याचे लोक आणि जुन्या पोथ्यांवरून पावसाचा अंदाज सांगणारे जाणकार एका छपराखाली बसतात. कुणी पोथीतून सांगतो, कुणी उपग्रहावरून, आणि दोन्ही ऐकून घेतलं जातं. कोणत्या भागाने कोणत्या आठवड्यात पेरायचं, वाण कोणतं, उंदरांचं काय करायचं, हे तिथे ठरतं. एकाने लवकर पेरलं आणि शेजाऱ्याने उशिरा, तर उंदीर आणि कीड एका खाचरातून दुसऱ्यात जात वर्षभर पोसली जाते. म्हणून सगळ्यांनी एकदम. माझ्या गावात याच कारणासाठी काही ठरवायला आता चार माणसं जमवायची तर गणपतीची वाट बघावी लागते, हे मला तिथे बांधावर उभं असताना फार लागलं.

शेजारच्या, अजून न नांगरलेल्या खाचरांत शेकडो बदकं शिरली होती. कापणीनंतर गळलेला दाणा आणि गोगलगाई खायला पाळणारे त्यांना शेतोशेत फिरवतात. दोन पोरं लांब काठ्यांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून त्यांना वळवत होती. दुपारी त्याच बदकाचं 'नासु पालेक्को' जेवलो. बदक अगदी बारीक तोडून, आंबट घालून, मूठमूठ मिरचीत रस आटेपर्यंत परतलेलं. मालवणी तिखटाची मला सवय आहे, तरी डोळ्यांत पाणी आलं. इंदोने न बोलता भाताचा ढीग वाढवला. शाकाहारी असाल तर आधीच सांगून ठेवा. तेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), टोफू आणि 'कांगकुंग' म्हणजे कलमीची भाजी सगळीकडे मिळते, पण ठेच्यात सुकटीची चटणी असतेच.

संध्याकाळी अम्बो बांध बघायला निघाले तेव्हा मी सोबत गेले. रात्री कुणी दुसऱ्याचं पाणी फोडत नाही का, या माझ्या प्रश्नावर त्यांनी नेने माल्लोमोची गोष्ट सांगितली. सिद्रापमध्ये हे नाव माहीत नसलेलं पोर सापडायचं नाही. काही शतकांपूर्वी सिदेनरेंगच्या राजाचा हा सल्लागार. एकदा लांबलेला दुष्काळ पडला. राज्यात कुणाच्या तरी हातून अन्याय झालाय, असं मानून शोध सुरू झाला, तर निघालं काय, नेने माल्लोमोच्याच मुलाने नांगराच्या दुरुस्तीसाठी शेजाऱ्याचं लाकूड न विचारता उचललं होतं. बापाने मुलाला देहदंड सुनावला. लोक म्हणाले, एका लाकडासाठी? त्यावर त्याचं उत्तर आजही भिंतींवर लिहिलेलं असतं : "आदे तेम्माक्केआना, तेम्माक्केआप्पो." कायद्याला मूल नसतं, नातू नसतो.

अम्बो गोष्ट सांगून गप्प झाले. मग वाकून त्यांनी शेजाऱ्याच्या बांधाचं खचलेलं एक ढेकूळ जागेवर बसवलं.

शुक्रवार : घर चालत गेलं

शुक्रवारी शेतात काम नाही. सकाळ मी घर बघण्यात घालवली. बुगिस घराचे तीन भाग : खाली मोकळं 'आवा बोला', जिथे कोंबड्या, टिलर, झोपाळा आणि दुपारच्या गप्पा. मध्ये राहायचं 'आले बोला'. वर छपराखाली 'राक्केआंग', भाताचा माळा. जगाचेही तीन भाग मानतात आणि घर त्या जगासारखं. वर आकाशलोक, मध्ये माणसं, खाली 'पेरेतिवी'. हा शब्द ऐकून मी दचकलेच. आपली पृथ्वी. छपराच्या त्रिकोणी भिंतीचे थर मोजले की पूर्वी घराण्याचा दर्जा कळायचा. आमच्या घराला एकच थर. "आम्ही शेतकरी," इंदो अभिमानाने म्हणाली.

एक खांब इतरांहून वेगळा, त्याला कापड गुंडाळलेलं. हा 'पोस्सि बोला', घराची बेंबी. त्याला टेकून बसले तर बेस्सेने हळूच उठवलं. अशा मनाईंना 'पेम्माली' म्हणतात आणि त्या भरपूर आहेत. उंबऱ्यात बसू नका. मुलींनी स्वयंपाक करताना गाऊ नये, म्हाताऱ्याशी लग्न होतं. मी चाळिशीपासून विधवा आहे, मला हरकत नसावी म्हणून मी चुलीपाशी गुणगुणले, तर इंदो पोट धरून हसली आणि तिने मला गाऊ दिलं.

दुपारच्या नमाजानंतर मशिदीच्या ध्वनिक्षेपकावरून काहीतरी पुकारलं गेलं. बेस्सेने मला ओढतच नेलं. गल्लीच्या टोकाच्या एका नवऱ्या-बायकोने घर मुलीच्या जागेजवळ हलवायचं ठरवलं होतं. हलवायचं म्हणजे खरोखरच हलवायचं. सामान उतरवलेलं, खांबांना आडवे जाड बांबू बांधलेले. नमाजाहून परतणारे पुरुष लुंग्या खोचत आले, साठ-सत्तर तरी असतील. एक वयस्क माणूस वर पडवीत उभा राहिला. त्याने हाळी दिली, बांबू खांद्यांवर गेले, आणि पत्र्याच्या छपरासकट, खिडकीतल्या पडद्यांसकट ते घर उचललं गेलं.

मी श्वास रोखून बघत होते. घर रस्त्यावरून चाललं. खालून फक्त पाय दिसत होते. विजेच्या तारेपाशी थांबलं, एका पोराने बांबूने तार वर धरली, घर कमरेत वाकल्यासारखं खाली झुकलं आणि पुढे गेलं. शे-दीडशे मीटर. मग आखून ठेवलेल्या दगडांवर एकेक खांब बसवला. वीस-पंचवीस मिनिटांत सगळं आटोपलं. मजुरी नाही. बायकांनी केळी, ताडगूळ आणि नारळाच्या दुधाचं गरम 'कोलाक' आणि कॉफी तयार ठेवली होती, ती सगळ्यांनी उभ्या-उभ्या प्यायली. याला 'माप्पालेत्ते बोला' म्हणतात. शुक्रवारीच का, तर गावातले सगळे पुरुष त्या वेळी एका ठिकाणी असतात.

हे दृश्य ठरवून बघता येत नाही, कुणाचं घर हलायचं असेल तरच. फोटो काढण्याआधी घरमालकाला विचारा. मला त्यांनी काढू दिले आणि वर घराच्या पहिल्या चहाला बसवलं.

शनिवार : शेजारीण, आणि जागरण

अम्पारितेत मुसलमान आणि तोलोतांग शेजारी-शेजारी राहतात. तोलोतांग हेही बुगिसच. भाषा, घरं, शेती सगळं तेच. १७व्या शतकाच्या सुरुवातीला बुगिस राज्यांनी एकामागून एक इस्लाम स्वीकारला. यांचे वाजो राज्यातले पूर्वज आपला जुना धर्म धरून राहिले आणि पुढे सिदेनरेंगमध्ये येऊन वसले. देशात मोजक्याच धर्मांना सरकारी मान्यता, म्हणून १९६६ साली त्यांची नोंद हिंदू म्हणून झाली. त्यांच्या ओळखपत्रावर तेच लिहिलेलं असतं.

इंदोच्या शेजारणीकडे सकाळी गेलो. सत्तरीची, पानाने ओठ लाल झालेले. मी हिंदू आहे असं बेस्सेने सांगितल्यावर तिने माझा हात हातात घेऊन बराच वेळ न्याहाळला. घरात देव्हारा नाही, मूर्ती नाही. गावात त्यांचं देऊळ नाही. ते मानतात 'देवाता सेउवाए'ला, एकमेव देवतेला. त्यांच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना 'उवा' म्हणतात, आणि दरवर्षी जानेवारीत पेर्रिन्यामेंगला, त्यांच्या मूळ पुढारी स्त्रीच्या, इ पाब्बेरेच्या समाधीपाशी सगळे जमतात. मी "देवता" म्हटलं, ती "देवाता" म्हणाली. शब्द एक, पण त्यामागे तिचं सगळं वेगळं आहे. आपला धर्म इथवर पोचला म्हणून हुरळून जाणं तिच्यावर अन्याय करणारं होईल. नोंद दुसऱ्याच नावाखाली झाली, तरी तिच्या माणसांनी आपली श्रद्धा मोडू दिली नाही, ही त्यांची कमाई. निघताना तिने इंदोच्या हातात पानाचा विडा आणि केळीचा घड दिला. "रात्रीसाठी," म्हणाली.

रात्री काय, ते मला तोवर कळलं नव्हतं.

उद्या पेरायचं बी दोन दिवस भिजून मोडाला आलं होतं. दिवेलागणीला अम्बोंनी पोतं खांद्यावरून वर आणलं आणि बेंबीच्या खांबापाशी ठेवलं. इंदोने समोर केळीच्या पानावर 'सोक्को पातानरूपा' मांडला, चिकट भाताचे चार रंग : पांढरा, काळा, लाल, पिवळा. शेजारी उकडलेली अंडी, केळी, तो विडा आणि तेलाचा दिवा. याला 'माद्दोजा बिने' म्हणतात. बिने म्हणजे बी, माद्दोजा म्हणजे जागणं. पेरणीच्या आदल्या रात्री बी एकटं ठेवायचं नसतं.

आजोबांनी बिस्मिल्ला म्हटलं आणि मेणकापडात बांधलेली एक वही उघडली. लोंतारा लिपी, तेवीस अक्षरं, सगळी तिरक्या काटकोनांची. तीही ब्राह्मीच्याच वंशातली, आपल्या देवनागरीसारखी. जोडाक्षरं आणि शेवटचं व्यंजन त्यात लिहीतच नाहीत. एकच शब्द तीन प्रकारे वाचता येतो, म्हणून आधीच गोष्ट माहीत असलेल्यालाच ती नीट वाचता येते.

ते गात होते, बेस्से माझ्या कानाशी सांगत होती. बातारा गुरू म्हणजे आकाशलोकातून उतरलेला पहिला राजा. त्याची पहिली मुलगी जन्मल्यावर सातव्या दिवशी गेली. तिला पुरलं तिथे भात उगवलं, ती सांगियांग सेर्री. आपली श्रीच, नावातसुद्धा. तिच्या भाताची राखण करणारा एक पट्टेरी बोका होता. मायवा गावात माशासाठी त्याला मारलं, तो माळ्यावर भाताच्या आसऱ्याला गेला, आणि त्याचा अपमान सहन न होऊन सांगियांग सेर्रीच गाव सोडून निघाली. तिच्यामागे सगळे भात. गावोगाव हिंडली. कुठे भांडणं, कुठे कडवट बोलणं, कुठे पाहुण्याला कुणी विचारलं नाही. अखेर बारूत तिला प्रेमाने घरात घेतलं, तिथे ती राहिली.

बुधवारी संध्याकाळी मी बारूतून आले होते. ते नाव पाट्यांवर वाचलं होतं.

घरचं पट्टेरी मांजर पोत्याच्या उबेला येऊन झोपलं होतं. त्या रात्री त्याला आमच्या आधी वाढलं गेलं.

पूर्वी वस्तीतलं प्रत्येक घर असं जागायचं, आता दोन-तीनच. कापणीला यंत्र येतं, व्यापारी ओलं भात रस्त्यावरूनच उचलतो, माळ्यावर घरापुरतीच पोती चढतात. अम्बोंना यंत्राची खंत नाही. त्यांची पाठ वाचली. "पण बी यंत्राने आणलं तरी रात्री त्याच्यापाशी कुणीतरी बसायला हवं ना," असं ते म्हणाले.

बाराच्या पुढे पाऊस थांबला. आजोबा मला जिन्यात घेऊन गेले. त्यांना आकाश दाखवायचं होतं, पण ढग होते. गुरुवारी संध्याकाळी मात्र पश्चिमेला तीन तारे दिसले होते. 'तान्रा तेल्लुए', तीन खुणा. आपल्या मृगातला बाण. आमचेही शेतकरी मृगावर नजर ठेवतात, हे मी सांगितलं होतं, ते त्यांच्या लक्षात होतं.

परत आत आलो तेव्हा इंदोने विचारलं, "तुमच्या शेतात कोणतं बी?" मी म्हटलं, आजीच्या काळी मुणगा होता, वालय होता. आता अकरा वर्षं जमीन पडीक आहे. भाऊ मुंबईला, मी पुण्याला. बेस्सेने भाषांतर केलं. इंदो थोडा वेळ दिव्याकडे बघत राहिली. मग विचारलं, "आणि बी? बी कुणाकडे आहे?"

मला उत्तर देता आलं नाही. आजीच्या कणगीतलं शेवटचं भात कुणी, कधी संपवलं, मला माहीत नाही. तेव्हा आम्ही घर आवरत होतो, आणि कुणाला ते विचारावंसंही वाटलं नाही.

इंदोने पुन्हा काही विचारलं नाही. विड्याचं तबक माझ्याकडे सरकवलं आणि स्वतः पाय पसरून पोत्याला टेकली. पहाटेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसलो. बेस्से केव्हाच झोपली होती.

रविवार : पेरणी

सहा वाजता शेतात होतो. विषुववृत्त जवळ, त्यामुळे उजाडायला वेळ लागत नाही. रात्रीतून पाणी काढून दिलं होतं, चिखल लोण्यासारखा. अम्बोंनी पहिली मूठ टाकताना ओठांतल्या ओठांत काही म्हटलं, मग मला बोलावलं. मी साडी खोचून उतरले. मूठ घट्ट आवळायची नाही, बोटांतून बी सुटू द्यायचं आणि मनगट शेवटी झटकायचं. हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. कुठल्या तरी जुन्या पावसाळ्यात ते हातात बसलेलं होतं.

माझी परतीची गाडी साडेनऊला होती. अम्पारितेहून विमानतळापर्यंत पाचेक तास धरा, वर दोन तास हाताशी ठेवा. आणखी दोन दिवस असतील तर सेंगकांगला जा. टेम्पे तळ्यावर तरंगती घरं आहेत आणि गल्लोगल्ली रेशमाचे माग. गावात राहायचं तर हॉटेल नाही, पांगकाजेने सिद्रापमध्ये साधी निवासस्थानं आहेत. ओळखीने घरात राहिलात तर पैसे हातात देऊ नका, घेणार नाहीत. मी साखर, चहा आणि आजोबांसाठी चष्म्याची दोरी नेली होती, त्यातली दोरी फार आवडली. गुडघे झाकणारे कपडे, डासांचं मलम आणि सहज निघणाऱ्या चपला न्या.

इंदोने नारळाच्या दुधात भात शिजवून केळीच्या पानात बांधलेले 'बुरासा' प्रवासाला दिले. आजोबा जिन्यापर्यंत आले. अम्बो मात्र घरी आले नाहीत. बी उघड्यावर होतं आणि चिमण्यांचा थवा उतरला होता. म्हणून मीच बॅग गाडीत टाकून बांधावर गेले. खाचराच्या मधोमध बांबूच्या खोपीत ते बसले होते, चारी दिशांना ताणलेल्या दोऱ्या हातात, दोऱ्यांना पत्र्याचे डबे. मी लांबूनच कमरेत वाकले, हात खाली सोडला आणि ओरडून "ताबे, अम्बो!" म्हटलं.

त्यांचे दोन्ही हात अडकलेले. त्यांनी दोरीच ओढली. सगळ्या शेतावरचे डबे एकदम खडखडले आणि थवा उठला.